भाड्याच्या घरातला डीबी: कधी बदलायचा, कधी नुसता दुरुस्त करायचा

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच पेटीभोवती फिरतात: भाड्याने दिलेल्या घरातला मेन डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), म्हणजे मीटरकडून आलेली वीज घरातल्या वेगवेगळ्या सर्किटांना वाटणारी पेटी. घरमालकांना खर्च खरंच गरजेचा आहे का हे हवंय, भाडेकरूंना इथे राहणं सुरक्षित आहे का हे हवंय. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सगळे आकडे 230 व्होल्ट पुरवठ्याचे आहेत. एक सूचना आधीच देतो: डीबीचं आतलं झाकण स्क्रू काढून उघडायचं ते परवानाधारक वायरमननेच. मेन स्विच खाली पाडला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलला वीज असतेच.

प्रश्न: घर बऱ्याच वर्षांपासून भाड्याने दिलेलं आहे. डीबीत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. आजवर एकाही भाडेकरूने तक्रार केलेली नाही. नीट चाललेलं कशाला हलवायचं? आणि डीबीचं आयुष्य नेमकं किती वर्षं धरायचं?

तुमचा डीबी बदला, आणि तोही पूर्ण. पण कारण त्याचं वय नाही, त्यात काय आहे हे आहे.

किटकॅट फ्यूजमध्ये चिनी मातीच्या धारकात बारीक तार ताणलेली असते. त्याची पहिली अडचण अशी की तो उशिरा वितळतो. 15 अँपिअरच्या फ्यूजमधली तार 15 अँपिअरला तुटत नाही. जवळजवळ दुप्पट प्रवाह गेला की मग तुटते. तेवढ्या वेळात भिंतीतली वायर तापत राहते. दुसरी अडचण तारेची. 15 अँपिअरसाठी कल्हई केलेली अर्ध्या मिलिमीटर जाडीची तांब्याची तार लागते, 5 अँपिअरसाठी 0.2 मिलिमीटरची. रात्री फ्यूज उडाला की घरात असेल ती तार गुंडाळली जाते, बहुतेकदा एखाद्या वायरमधून सोलून काढलेले दोन-तीन पदर पिळून. त्यानंतर फ्यूज पुन्हा कधी उडत नाही, आणि तक्रारही येत नाही. म्हणून ‘तक्रार नाही’ हे भाड्याच्या घरात सुरक्षिततेचं लक्षण धरू नका. प्रत्येक धारकातली तार काढून जाडी मोजायला सांगा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: फ्यूजला गळतीचा करंट कळतच नाही. गीझरच्या धातूच्या भागात वीज उतरली आणि कोणी त्याला हात लावला, तर अंगातून 50 ते 100 मिलिअँपिअर जाणंही जिवावर बेततं. फ्यूजला किंवा साध्या एमसीबीला (प्रवाह फार वाढला की आपोआप खाली पडणारा स्विच) हा प्रवाह नगण्य असतो. तो पकडायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लागतो आणि जुन्या फ्यूजबोर्डात तो बसवायला जागाच नसते. काही जुन्या घरांत ईएलसीबी नावाची, गळती पकडण्यासाठीचीच पेटी दिसते. ती व्होल्टेजवर चालणारी असेल, म्हणजे अर्थिंगची वायर तिच्यातून जात असेल, तर गळती नळाच्या पाइपातून किंवा दुसऱ्या वाटेने जमिनीत गेल्यास ती गप्प बसते. तिला संरक्षण म्हणून मोजू नका.

आता वर्षांचा हिशेब. कोरड्या जागेतला, नीट आवळलेला एमसीबीचा डीबी कित्येक वर्षं उत्तम चालतो. मोरीच्या भिंतीला लागून असलेला थोड्याच काळात गंजतो. आमच्या मते संपूर्ण डीबी बदलावा तो पुढच्यांपैकी एक जरी गोष्ट आढळली तर: फ्यूज हेच मुख्य संरक्षण असणं, आरसीसीबी नसणं आणि तो बसवायला जागाही नसणं, बसबार (एमसीबींना वीज पोचवणारी धातूची पट्टी) किंवा न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) जळून काळवंडलेली असणं, आत ओल किंवा गंज, लाकडी फळी किंवा तडकलेलं प्लॅस्टिक, आणि एमसीबीचे सुटे भाग न मिळणं. यांतलं काहीच नसेल तर डीबी जुना असूनही ठेवता येतो, फक्त तपासणी चुकवायची नाही. भाडेकरू बदलताना दर वेळी, आणि तोच भाडेकरू राहिला तर किमान पाच वर्षांतून एकदा.

घर रिकामं असतानाच हे काम उरका. तेव्हा फ्रिज चालू ठेवायची घाई नसते आणि प्रत्येक सर्किट बंद करून मोजता येतं.

प्रश्न: भाडेकरूने एसी लावला. एसी आणि गीझर एकत्र चालू केले की एमसीबी पडतो. वायरमनने 16 चा काढून 32 चा घातला, आता पडत नाही. काम झालं असं समजावं का? की मोठा डीबीच बसवू?

नाही, काम बिघडलं आहे. 32 चा एमसीबी आजच काढायला सांगा आणि तोवर एसी व गीझर एका वेळी वापरू नका.

एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवण्यासाठी असतो. उपकरणाच्या सोयीने तो निवडायचा नसतो. नियम असा आहे की 16 अँपिअरचा एमसीबी 16 ला पडत नाही. 1.13 पट प्रवाह तो तासभर सहन करतो आणि 1.45 पट प्रवाहाला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे तुमचा 32 चा एमसीबी 46 अँपिअर जवळजवळ तासभर वाहू देऊ शकतो. सॉकेटसाठी साधारणपणे अडीच एमएम (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर ओढलेली असते आणि पाइपातून जाणारी ती वायर 20 अँपिअरच्या आसपासच तग धरते. दुपटीहून जास्त प्रवाहात तिचं इन्सुलेशन मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि हे सगळं गिलाव्याच्या आत घडतं.

दोन किलोवॉटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी साधारण 7 ते 8. बेरीज 16 च्या उंबरठ्यावर येते. त्यात त्याच सर्किटवर इस्त्री किंवा मिक्सर लागला की एमसीबी पडणारच. तो आपलं काम चोख करत होता. दोष सर्किटच्या विभागणीत आहे.

उपाय: एसीला डीबीपासून स्वतंत्र चार एमएम वायर आणि 20 अँपिअरचा ‘सी’ एमसीबी, गीझरला स्वतंत्र वायर आणि 16 चा एमसीबी. ‘सी’ अशासाठी की तो क्षणात पडायला पाच ते दहा पट प्रवाह लागतो आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका तो सोसतो. ‘बी’ तीन ते पाच पटीलाच पडतो. दिव्यांच्या दीड एमएम वायरवर 6 किंवा 10 पेक्षा मोठा एमसीबी नको. वायर फार लांबून येत असेल, किंवा एकाच पाइपात पाच-सहा सर्किटं कोंबली असतील, तर हेच आकडे आणखी खाली आणावे लागतात, कारण एकमेकींना चिकटलेल्या वायरींची उष्णता बाहेर पडत नाही.

डीबीत दोन जागा रिकाम्या असतील आणि बाकी सगळं धड असेल तर नवा डीबी नको. जागा नसेल तर मात्र एका एमसीबीखाली दोन वायरी अडकवण्याची पळवाट काढू नका. दोन वेगळ्या जाडीच्या वायरी एकाच स्क्रूखाली दाबल्या की जाड वायर घट्ट बसते आणि बारीक सैल राहते.

नव्या डीबीचा आकार ठरवताना मॉड्यूल मोजा. एक मॉड्यूल म्हणजे साधारण 18 मिलिमीटर रुंदी. मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) 2, दोन आरसीसीबी मिळून 4, आठ सर्किटांचे 8, सर्ज (अचानक वाढलेला विजेचा दाब) संरक्षणाचं एसपीडी 2, झाले 16. वर किमान चार रिकामी ठेवा, म्हणजे 20 ची पेटी घ्या. पुढचा भाडेकरू काय घेऊन येईल हे आज कोणाला माहीत नसतं.

शेवटचं, आणि बऱ्याच ठिकाणी हेच विसरलं जातं: डीबी मोठा केला म्हणून मीटरपासून येणारी मुख्य वायर आणि मंजूर लोड आपोआप वाढत नाही. आधी वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्या, मुख्य वायर तपासा, मग डीबी.

प्रश्न: मी भाडेकरू आहे. संध्याकाळी डीबीजवळ बारीक गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि एक एमसीबी हाताला गरम लागतो. घरमालक म्हणतात, ‘पडत नाहीये ना, मग ठीक आहे.’

ठीक नाही. सैल जोडणी एमसीबीला दिसत नाही, हे घरमालकांना दाखवून द्या. हिशेब सोपा आहे. स्क्रू सैल होऊन त्या जागी ओहमच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे 0.1 ओहमचा अडथळा तयार झाला आणि तिथून 16 अँपिअर गेले, तर त्या एका टर्मिनलवर 25 वॉटहून जास्त उष्णता तयार होते. ही जवळपास सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता आहे आणि ती नखाएवढ्या जागेत साठते. व्होल्टेज फक्त दीड व्होल्टने उतरतं, त्यामुळे दिवा मंद झालेला जाणवत नाही. प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी पडत नाही. आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण गळती नाही.

झाकण उघडल्यावर असं टर्मिनल ओळखायला कठीण नसतं: तांब्याचा रंग जांभळट-काळा झालेला, स्क्रूपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, आणि एमसीबीच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर तपकिरी वलय. जळक्या माशासारखा वास येत असेल तर तो तापलेल्या प्लॅस्टिकचा असू शकतो.

भरपूर लोडवर एमसीबी थोडा कोमट लागणं स्वाभाविक आहे. पण शेजारच्या एमसीबीपेक्षा एकच स्पष्टपणे गरम, आवाज, वास किंवा रंग बदललेला असेल तर त्या सर्किटची उपकरणं लगेच बंद करा आणि तो एमसीबी खाली पाडून ठेवा. वास येत असेल तर मेनच बंद करा. पाणी मारू नका, झाकण उघडू नका. बाहेरून दिसणाऱ्या भागाचा फोटो, तारीख आणि त्या वेळी काय काय चालू होतं हे लिहून घरमालकांना लेखी पाठवा. ‘डीबी खराब आहे’ यापेक्षा ‘वरच्या ओळीतला तिसरा एमसीबी, गीझर चालू असताना दहा मिनिटांत गरम होतो’ या वाक्यावर वायरमन लवकर येतो.

दुरुस्ती किती लागेल हे उघडल्यावरच ठरतं. फक्त एमसीबी आणि वायरीचं टोक जळलं असेल तर वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापून, नवा एमसीबी घालून भागतं. बसबारचा दात (एमसीबीत शिरणारं टोक) जळला असेल तर बसबार बदलावा लागतो, आणि त्या पेटीचा मिळत नसेल तर डीबी. काळी पडलेली वायर पॉलिशपेपरने घासून पुन्हा तिथेच आवळू देऊ नका. तापलेलं तांबं नरम पडतं, स्क्रू पुन्हा सैल होतो.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर हा धोका आणखी वाढतो. त्यावर ऑक्साइडचा थर चटकन बसतो आणि दाबाखाली तो धातू हळूहळू पसरतो, म्हणून आवळलेला स्क्रू आपोआप ढिला पडतो. तांब्याशी जोड द्यायचा असेल तर बायमेटल लगच (वायरीच्या टोकाला दाबायचा दोन धातूंचा तुकडा) वापरायचा, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळायची नाही.

प्रश्न: नवा डीबी बसवला, आरसीसीबीही घातला. आता तो दिवसातून कधीही पडतो आणि सगळं घर अंधारात जातं. भाडेकरू वैतागलेत. वायरमन म्हणतो, आरसीसीबी ‘बायपास’ करू, म्हणजे त्याला वगळून वायर थेट जोडू. करावा का?

अजिबात नाही. बायपास केलेला आरसीसीबी जागेवर दिसतो, म्हणून तो नसण्यापेक्षा वाईट. पुढचा भाडेकरू त्याच्यावर विसंबून राहील.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. फरक 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान पोचला की तो पडतो. जुन्या वायरिंगवर नवा डीबी बसवल्यावर तो पडण्याची कारणं बहुधा तीनच असतात.

पहिलं, न्यूट्रलची सरमिसळ. दोन आरसीसीबी आहेत, पण एकाच्या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवर बसलाय किंवा एखाद्या स्विचबोर्डात दोन्ही न्यूट्रल एकत्र जोडलेत. मग गेलेला प्रवाह भलत्या वाटेने परत येतो. याची खूण: ठरावीक दिवा किंवा पंखा लावला की लगेच पडणं. उपाय: प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक, आणि प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच लिंकवर.

दुसरं, खरी गळती. गीझरचं कॉइल, वॉशिंग मशीन, बाहेरच्या भिंतीवरचा दिवा, ओल आलेला जंक्शन बॉक्स. पावसात किंवा आंघोळीच्या वेळीच पडत असेल तर इथून सुरुवात करा. सगळे एमसीबी खाली पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करा. ज्याने पडेल त्या सर्किटचे सगळे प्लग काढून पुन्हा चढवा. प्लग काढल्यावर राहिला तर दोष उपकरणात, तरीही पडला तर वायरिंगमध्ये. गळती न्यूट्रलमधून होत असेल तर एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडतो, कारण एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो. अशा वेळी न्यूट्रलही लिंकवरून सोडवून पाहावा लागतो.

तिसरं, थोड्या थोड्या गळत्यांची बेरीज. संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या फिल्टरमधून काही अंश मिलिअँपिअर कायम अर्थिंगकडे जातो, त्यात बिघाड काही नसतो. एका आरसीसीबीखाली ही बेरीज 9 मिलिअँपिअरच्या, म्हणजे 30 च्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावी. सगळं घर एकाच आरसीसीबीवर ठेवलं की ही मर्यादा ओलांडली जाते आणि एका बिघाडात फ्रिजसकट सगळं बंद पडतं. निदान दोन आरसीसीबी घाला. परवडत असेल तर गीझर आणि स्वयंपाकघराला आरसीबीओ द्या. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम एकत्र होतं. इलेक्ट्रॉनिक उपकरणं जास्त असलेल्या घरात ‘एसी’ प्रकाराच्या (इथे एसी म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे, आरसीसीबीचा प्रकार) आरसीसीबीऐवजी ‘ए’ प्रकारचा घ्या.

ओव्हरलोडपासून साधा आरसीसीबी वाचवत नाही, उलट त्यालाच वाचवावं लागतं. मेन एमसीबी 40 चा असेल तर आरसीसीबी 25 चा नको, 40 किंवा 63 चा हवा.

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. अर्थिंग असेल तर गीझरमध्ये बिघाड होताक्षणी तो पडतो. अर्थिंग नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो, आणि तो झटका त्या माणसाला बसतो.

प्रश्न: डीबी तोच ठेवून फक्त सगळे एमसीबी नवे घातले तर?

पेटी, बसबार आणि न्यूट्रल लिंक निरोगी असतील तर चालतं. मात्र कॉम्ब (कंगव्यासारख्या दातांचा) बसबार वापरणार असाल तर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे एमसीबी घ्या. टर्मिनलची उंची अर्ध्या मिलिमीटरने जरी वेगळी असली तरी दात नीट बसत नाही. प्रत्येकावर चौकटीत 6000 किंवा 10000 हा आकडा छापलेला पाहा: शॉर्टसर्किटचा किती अँपिअर प्रवाह तो सुखरूप तोडू शकतो, हे त्यावरून कळतं. ट्रान्सफॉर्मर इमारतीला लागून असेल तर 10000 चा घ्या.

प्रश्न: काम ठेकेदाराला दिलं आहे, पण मी दुसऱ्या गावी राहते. काम नीट झालं हे कसं ओळखू?

आकडे मागा. फोटो आणि ‘ओके आहे’ एवढ्यावर शेवटचे पैसे देऊ नका.

काम सुरू होण्याआधी जुन्या वायरिंगचं मेगरिंग (इन्सुलेशनची चाचणी) करून घ्या: 500 व्होल्टवर, सगळे प्लग आणि एसपीडी काढून, फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थिंगशी. प्रत्येक सर्किटचं वाचन किमान 1 मेगाओहम हवं. धडधाकट वायर त्याहून कितीतरी जास्त दाखवते. एखादं सर्किट त्याखाली असेल तर ती वायर बदलावी लागेल. रबर किंवा कापडी वेष्टनाची वायर वाकवताच भुगा होत असेल तर तिच्यावर नवा डीबी बसवणं म्हणजे खर्च वाया घालवणं आहे, आधी वायरिंग.

बसवताना प्रत्येक जुन्या वायरीला सोडवण्यापूर्वी खूणचिठ्ठी लावायला सांगा. वायर नव्या पेटीत आखूड पडली तर योग्य मापाच्या कनेक्टरने वाढवावी. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरीच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) किंवा लग दाबलेला असावा. स्क्रू ‘हाताच्या अंदाजाने’ न आवळता टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळायला सांगा. किती ते उपकरणावर किंवा सोबतच्या पत्रकात छापलेलं असतं, छोट्या एमसीबींना साधारण 2 ते 2.5 न्यूटन-मीटर. लोखंडी पेटीला आणि तिच्या दाराला अर्थिंगची वायर हवीच.

काम झाल्यावर टेस्टरने मोजलेली आरसीसीबी पडायला लागणारी वेळ लिहून मागा: 30 मिलिअँपिअरला 300 मिलिसेकंदांच्या आत, पाचपट म्हणजे 150 ला 40 च्या आत, आणि 15 ला पडायला नको. नुसतं आरसीसीबीवरचं ‘टी’ (टेस्ट) बटण दाबून यांत्रिक भाग मोकळा आहे एवढंच कळतं. मग गीझर, एसी, ओव्हन एकत्र चालवून अर्ध्या-पाऊण तासाने थर्मल कॅमेऱ्याचा फोटो. एकही टर्मिनल शेजाऱ्यांपेक्षा वेगळं उजळ दिसता कामा नये. घरात तीन फेज पुरवठा असेल तर मुख्य न्यूट्रलचा जोड दोनदा तपासा. तो सुटला तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो आणि टीव्ही-फ्रिज एका क्षणात जळतात.

दाराच्या आत प्रत्येक एमसीबीसमोर ‘गीझर’, ‘हॉलचे सॉकेट’ अशी स्पष्ट नावं हवीत, आकडे नकोत. इन्व्हर्टर असेल तर ‘मेन बंद केल्यावरही इथे वीज असते’ ही पाटी ठळक लावा. पुढच्या वायरमनचा जीव त्या पाटीवर अवलंबून असतो.

प्रश्न: खर्च कोणी करायचा? भाडेकरूला गाडी चार्ज करायची आहे म्हणून डीबी बदलावा लागतोय.

डीबी, मुख्य वायर आणि अर्थिंग हा घराचाच भाग आहे, त्यामुळे ते सुरक्षित ठेवणं मालकाचं काम. एखाद्या भाडेकरूच्या खास गरजेसाठी लागणारी जादा लाइन वेगळी; ती कोणाच्या खर्चाने आणि घर सोडताना कोणाकडे राहणार हे करारातच लिहा. सात किलोवॉटचा चार्जर 30 ते 32 अँपिअर तासन्‌तास ओढतो, तेव्हा त्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन, 40 चा एमसीबी, त्याला साजेशी जाड वायर आणि चार्जरच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी द्या. 16 अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावायची परवानगी देऊ नका.

करारात आणखी दोन ओळी घाला. भाडेकरूने महिन्यातून एकदा आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबावं आणि तो पडला नाही तर त्याच दिवशी कळवावं. आणि डीबीसमोर मीटरभर जागा मोकळी ठेवावी; कपाट तिथे सरकवू नये.